गाण्यातली गोष्ट मुलांच्या कानात कशी उतरवायची? (वय ६ ते ९, नाशिक)

गोदाकाठची

वाचनालयात दर शनिवारी मुलांचा गट घ्यायचा आहे. १८ मुलं, पहिली ते चौथी, वेळ ४५ मिनिटं, एकूण ८ शनिवार. विषय घेतलाय गोष्टीची गाणी: भोंडल्याची, ओव्या, पोवाड्याचा एखादा चौक (म्हणजे एक भाग), गीतरामायणातली दोन-तीन.

अडचण मुलांसोबत गाणाऱ्या सगळ्यांना माहीत असलेलीच. गाणं पाठ होतं, गोष्ट होत नाही. भोंडल्यातलं कारल्याच्या बीचं गाणं घ्या. बी, कोंब, वेल, फूल, कारलं, भाजी, सगळा क्रम तोंडपाठ. पण "सुनेला जायचंय कुठे आणि तिला अडवतंय कोण?" असं विचारलं की एकमेकींकडे बघतात. चाल चुकत नाही, शब्द चुकत नाही, आत काय चाललंय त्याचा मात्र पत्ता नसतो.

चार प्रश्न. शब्दांचा कागद आधी द्यावा का नंतर? गोष्ट आधी सांगून टाकावी का? हातवारे लावावेत का? सुरुवात कशाने करावी? "मुलांना आपोआप कळतं हो" हे उत्तर कृपया नको.

झीलकरी

उपायाआधी दुखणं कुठे आहे ते बघू.

बोलताना कुठे थांबायचं ते अर्थ ठरवतो, गाताना ते चाल ठरवते. "राजा निघाला" हे चालीवर "राजानि... घाला" असं तुटलं की सात वर्षांच्या पोराच्या डोळ्यांसमोर राजा नसतोच, कुणीतरी काहीतरी अंगात घालत असतं. नवी चाल बसवताना आधी हे बघा की शब्द कुठे तुटतोय. तुटत असेल तर तिथली मात्रा हलवा, चाल थोडी बिघडली तरी चालेल.

दुसरं, गाण्यात "म्हणाला", "म्हणाली" गळतात. सासू बोलली, सून बोलली, परत सासू बोलली, पण गाणारा गळा एकच. मुलाला ते सगळं एकाच बाईचं बोलणं वाटतं.

तिसरं, क्रियापद गायब असतं किंवा ओळीच्या सुरुवातीला उडी मारून बसतं. "हाती भाला, पाठी ढाल, आणि गडाच्या दिशेने": कोणी काय केलं? मोठा माणूस "निघाला" हा शब्द मनातच जोडतो. लहान मुलाला तो जोडावा लागतो हेच माहीत नसतं.

चौथं आणि सगळ्यात चिवट म्हणजे ध्रुवपद. ते परत आलं की मुलाला वाटतं, गोष्ट परत पहिल्यापासून सुरू झाली. पाच कडव्यांचं गाणं त्याच्या लेखी पाचदा घडलेली एकच गोष्ट असते.

आता माझा लाडका मुद्दा. आपल्याकडे गोष्टीचं गाणं नुसतं गाऊन सोडून द्यायची पद्धत फारशी नाहीच. शाहीर एक चौक गातो, डफ खाली घेतो आणि पुढचं गद्यात सांगतो. मागचे झीलकरी "जी रं जी जी" करतात ते काही शोभेला नाही, तेवढ्यात शाहिराला दम मिळतो आणि ऐकणाऱ्याला मागची ओळ पचवायला वेळ. कीर्तनात उत्तररंगातलं, म्हणजे दुसऱ्या भागातलं, आख्यान पद, मग निरूपण, मग पुन्हा पद असं चालतं. गोंधळात नायकाला मध्येच टोकणारा, प्रश्न विचारणारा साथीदार असतो. पिंगुळीचे चित्रकथी गाताना एकेक चित्र पुढे धरतात. म्हणजे गाण्याच्या जोडीला नेहमी दुसरं काहीतरी होतं: गद्य, चित्र नाहीतर टोकणारा माणूस. गाणं मोबाईलमध्ये आलं तेव्हा ही जोडी सुटली. तुम्हाला शिकवायचंय म्हणजे ती परत लावायची आहे, एवढंच.

पाटीपेन्सिल

झीलकरींच्या शेवटच्या परिच्छेदाला अनुमोदन. आता कामाचं.

एका गाण्याला दोन शनिवार लागतात. ८ शनिवारांत ४ गाणी. हाव धरू नका.

पहिल्या शनिवारी गाण्याआधी फक्त पाच शब्द. ज्यांच्यावाचून घटनाच कोसळते तेवढेच घ्या, विशेषणं सोडून द्या. वस्तू मिळाली तर वस्तूच दाखवा. खुंटा, दावं, सूप, पाटा या गोष्टी शहरातल्या मुलांनी हातात घेतलेल्याच नसतात. पाचाचे दहा शब्द केलेत तर तो भाषेचा तास होतो आणि गाणं सुरू होण्याआधीच अर्धी मुलं खिडकीबाहेर.

मग पहिल्यांदा गा. कागद नाही, फळ्यावर काही नाही. मुलांना एकच काम: कोण कोण आलं ते बोटांवर मोजायचं. गाणं संपल्यावर सांगतील ती सगळी नावं फळ्यावर लिहा, चुकीचीही. लगेच खोडायची नाहीत.

दुसऱ्यांदा गाताना ध्रुवपद पूर्ण वगळा. प्रत्येक कडव्यानंतर थांबा आणि विचारा, "आधी नव्हतं असं आता काय झालं?" "कळलं का?" कधीच विचारू नका, त्याचं उत्तर जगभर "होऽऽ" असंच येतं. फळ्यावरची चुकीची नावं इथे मुलंच खोडायला लावतात.

तिसऱ्यांदा गाताना ध्रुवपद परत आणा, पण ते मुलांच्या तोंडी द्या आणि कडवी तुमच्याकडे ठेवा. ध्रुवपद म्हणजे थांबा, गोष्ट म्हणजे कडवं, ही वाटणी यात आपोआप कानावर बसते.

कागद दुसऱ्या शनिवारी. आधी दिला तर पहिलीची मुलं अक्षरं जुळवत बसतात आणि त्यांचे कान बंद होतात. चौथीची मुलं डोळ्यांनी पुढे पळून शेवट वाचून टाकतात. कागदावर रंगीत पेन्सिली: एकाच्या बोलण्याला एक रंग, गाणं सांगणाऱ्याच्या ओळींना साधी शिसपेन्सिल. रंग लावताना मुलं भांडतात. भांडू द्या, खरा अभ्यास त्या भांडणातच होतो.

गोष्ट आधी सांगायची ती फक्त उंबऱ्यापर्यंत. कोण आहे, कुठे आहे, त्याला काय हवंय. पुढे गाण्यावर सोडा. शेवट सांगितलात तर ऐकायला काही उरत नाही.

सहज_वाचक

वाचतोय. ध्रुवपद वगळून गायची युक्ती फारच भारी.

ओवीवाली

सुरुवातीला प्रसिद्ध गाणं नको, कारण त्याची चाल आधीच डोक्यात असते आणि मुलं ऐकायच्या ऐवजी सोबत गायला लागतात. नवंकोरं, छोटं गाणं हवं. सरावासाठी एक जुळवलंय. अष्टाक्षरी आहे, जात्याच्या ओवीच्या कुठल्याही संथ चालीत बसेल. हवं तसं वापरा, बदला.

काल सकाळी नदीला
गेली शेळी पाणी प्याया
दोर राहिला खुंट्याला
आणि म्हातारी शोधाया

शेळी गं कुठे गेली तू
बाई गं कुठे गेली तू

"शेळी दिसली का दादा?"
"दिसली ना, पारावरी"
"काळी होती? गळा घंटा?"
"नाही, ती तर पांढरी"

झाडामागे वाजे घंटा
थांबे म्हातारीचा पाय
पाला हले, डोळे दोन
बाई! तिथे आहे काय?

रात्रीच ती व्याली होती
गवतात मऊ जागा
एक शेळी शोधायला
घरी आल्या तिघी बघा

यात वर सांगितलेल्या सगळ्या खोड्या मुद्दाम ठेवल्यात. पहिल्या कडव्याची शेवटची ओळ क्रियापदाविना. "दोर राहिला" म्हणजे दोर तुटला का कुणी सोडला, ते सांगितलेलं नाही. दुसऱ्या कडव्यात "म्हणाला/म्हणाली" एकदाही नाही. तिसऱ्यात शेळीचं नावच नाही, नुसती घंटा आणि डोळे. चौथ्यात आधी घडलेलं नंतर सांगितलंय. आणि पूर्ण गाण्यात एक अख्खी रात्र बेपत्ता आहे: शेळी "काल सकाळी" गेली, "रात्री" व्याली, मग म्हातारीला ती सापडली कधी? आज. ही रात्र शोधायला लावली की दुसरीतलं मूलसुद्धा ताठ बसतं.

वेळेचा हिशोब: एका अक्षराला अर्धा सेकंद धरला तर ओळ ४ सेकंदांत, कडवं १६, ध्रुवपद ८. चारही कडव्यांनंतर ध्रुवपद घेतलं तर ९६ सेकंद. याहून भरभर नको. टाळी पहिल्या आणि पाचव्या अक्षरावर.

गोदाकाठची

सुरेख आहे! पण "तिघी" म्हणजे कोण? शेळी आणि दोन करडं, की म्हातारी, शेळी आणि एक करडू?

ओवीवाली

दोन्ही बसतं. कुठलंच उत्तर चूक ठरवू नका, फक्त "गाण्यातल्या कुठल्या शब्दावरून?" एवढं विचारा. "आल्या" हे म्हातारीलाही लागू पडतं. पण "एक शेळी शोधायला" गेल्यावर एकाच्या तीन झाल्या असं वाचलं तर दोन करडं. एखादं मूल "गाण्यातून कळत नाही" असं म्हणालं तर त्याला पैकीच्या पैकी.

बांधावरून

शेळीवाल्याकडून दोन शब्द. गाणं शास्त्राला धरून आहे. शेळीचा गाभण काळ साधारण १५० दिवस, आणि व्यायच्या वेळी ती कळपातून बाजूला होऊन आडोसा शोधते. काळी म्हणताय म्हणजे उस्मानाबादी धरू, त्या जातीत जुळी सर्रास होतात. तेव्हा माझं मत दोन करडांना.

एक मात्र खटकलं. शेळीच्या गळ्यात घंटा नसते हो, घुंगरू असतं. घंटा बैलाच्या गळ्यात. खेड्यावरचं एखादं पोर गटात असलं तर ते याच शब्दावर अडून बसेल.

काळारामाजवळ

नाशिकची मुलं समोर असताना गीतरामायण सोडू नका. मात्र "रामायण माहितीच आहे" या समजुतीने घेऊ नका, तिथेच फसतं.

गदिमांची ५६ गाणी. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून सुरुवात झाली आणि पुढे आठवड्याला एक नवं गाणं असं वर्षभर चाललं. त्यामुळे प्रत्येक गाणं म्हणजे एका पात्राच्या तोंडचा एक क्षण. दोन गाण्यांच्या मध्ये जे घडतं ते आपल्याला दिसत नाही. मुलांना अवघड जातं ते हेच, आणि शिकवायलाही हेच सोन्यासारखं.

पंचवटीतली गाणी ओळीने लावा. शूर्पणखा रामाला "कोण तू" म्हणून विचारते. पुढच्या गाण्यात ती थेट रावणासमोर, सूड माग म्हणतेय. नाक कधी कापलं? दोन गाण्यांच्या मधल्या जागेत. मग सीता हरिण मागते. मग दारात आलेल्या याचकाशी बोलते. त्यानंतरच्या गाण्यात राम तिला शोधत फिरतोय, आणि तिला कोणी नेलं हे जटायूच्या गाण्यात त्याच्या तोंडून कळतं. सहा मोठ्या पुठ्ठ्यांवर सहा गाण्यांची नावं लिहा आणि मध्ये पाच कोरे पुठ्ठे ठेवा. कोऱ्यावर मुलांनी चित्र काढायचं: "इथे काय घडलं असेल?" गाणी पूर्ण ऐकवायची गरज नाही, प्रत्येकाचं ध्रुवपद आणि एक कडवं पुरे. प्रत्येक वेळी तीनच प्रश्न: कोण बोलतंय, कोणाशी, आणि कुठे उभं राहून?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाशिकमध्ये पायांनी देता येतं. सीता गुंफा काळाराम मंदिरापासून चालत काही मिनिटांवर. तपोवन थोडं लांब, गोदावरी आणि कपिलेच्या संगमावर. नाक कापल्याची जागा म्हणून लोक तेच दाखवतात आणि "नासिक" नावही नासिकेशी जोडतात. गुंफेत वाकून, अरुंद पायऱ्यांनी जावं लागतं, म्हणून सहा-सहाची टोळी करा. सुट्टीच्या दिवशी रांग असते, सकाळी लवकर गाठा. गाणं मात्र गुंफेत गाऊ नका, आवाज घुमतो आणि मागचे लोक खोळंबतात. बाहेर येऊन झाडाखाली.

तालमास्तर

सहा पुठ्ठे पहिलीला जास्त होतील. त्यांना हरिण, याचक, जटायू एवढेच तीन.

पोवाड्याबद्दल. अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा किंवा तुळशीदासाचा सिंहगडाचा, हे जुने पोवाडे या वयाला झेपणार नाहीत, भाषा साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या काळची आहे. आजच्या शाहिरांचा एखादा चौक घ्या, १२ ते १६ ओळी, त्याहून जास्त नाही. आणि इथे पाटीपेन्सिल यांचा "उंबऱ्यापर्यंत" नियम मोडा. पोवाडा ऐकणाऱ्याला प्रसंग माहीत आहे असं धरूनच रचलेला असतो. कोण कोणाच्या बाजूचा, गड कोणाच्या ताब्यात, हे आधी सांगितलं नाही तर पुढे नुसती तलवारींची खणखण ऐकू येते. तट, कडा, बुरूज, माची हे शब्द चित्रावर दाखवण्यापेक्षा रामशेज किल्ला दाखवा, शहरापासून लांब नाही.

नाशिकच्या मुलांना कुसुमाग्रज हवेतच. प्रतापराव गुजरांच्या नेसरीच्या लढाईवरची "वेडात मराठे वीर दौडले सात" ही कविता, १६७४ सालचा प्रसंग. गाणं म्हणून ती सगळ्यांनी ऐकलेली असते. गंमत अशी की ध्रुवपदात वीर सात आहेत आणि आत एका ओळीत सरदार सहा. चौकस मूल इथे हात वर करतंच: सहा का सात? उत्तर असं की सहा सरदार आणि त्यांच्या पुढे खुद्द सेनापती. पण सेनापतीचं नाव कवितेत कुठेच येत नाही. म्हणजे गोष्टीचा मुख्य माणूस कवितेबाहेर उभा आहे. तिसरी-चौथीला हे घ्याच. पहिली-दुसरीला नको, शेवटाचं काय करायचं हा वेगळा प्रश्न होतो.

रंगपेटी

हातवाऱ्यांबद्दल कोणी बोललं नाही. अभिनयगीत हा बालवाडीचा प्राण आहे, तो काढून कसं चालेल?

झीलकरी

काढायचा नाही, बदलायचा. "उडाला" आलं की सगळी मुलं पंख हलवतात. कोण उडाला? माहीत नाही. हात शब्दाला चिकटतो, गोष्टीला चिकटत नाही. शब्दागणिक हातवारे लावले की मूल समोरच्याचे हात बघून हात हलवतं, गाणं ऐकतसुद्धा नाही.

त्याऐवजी हालचाल माणसाला द्या. एक मूल म्हातारी, एक दादा, एक शेळी. बाकीचे ध्रुवपदवाले. ज्याचं बोलणं आलं त्याने एक पाऊल पुढे यायचं, संपलं की मागे. हातांनी काही करायचं नाही. "काळी होती? गळा घंटा?" ला दादा पुढे आला तर चूक उघड दिसते आणि वर्गच ओरडतो. १८ मुलांत दोन फेऱ्या केल्या तर सहा जणांना पाळी मिळते, उरलेले ऐकणारे. ऐकणाऱ्यांचं काम: म्हातारी किती पावलं पुढे आली ते मोजणे.

रंगपेटी

पावलाची कल्पना पटली. पण पहिलीच्या मुलांना नुसतं उभं करून ठेवलंत तर पाच मिनिटांत एकमेकांना ढकलतील. खडूने जमिनीवर गोल काढा, ज्याचा त्याचा गोल. आणि शेळीच्या हातात खरं दावं द्या, हात कामाला लागले की ढकलाढकली थांबते.

वायरमन

आवाजाची बाजू. रेकॉर्डिंग वाजवणार असाल तर मोबाईलच्या स्पीकरवर नको, त्यात ढोलकी-डफाचा खालचा नाद जातो, उरतो तो चिरका भाग आणि त्यात शब्द हरवतात. साधा बाहेरचा स्पीकर, मुलांच्या कानाच्या उंचीवर, भिंतीपासून थोडा पुढे. रिकाम्या फरशीच्या खोलीत आवाज घुमतो आणि व्यंजनं पुसली जातात, म्हणजे "घंटा" आणि "कंठा" एकच. सतरंजी घाला, पडदे ओढा, मुलं जवळ बसवा. यातलं काहीही फुकट होण्यासारखं आहे.

यूट्यूबवर गती ०.७५ करता येते. पोवाड्याला ती उपयोगी पडते, संथ भावगीताला लावू नका, शब्द ताणून आणखी तुटतात.

खरं सांगायचं तर पहिल्या दोन फेऱ्या स्वतः गा, वाद्याशिवाय. आवाज बरा नसला तरी चालतो, शब्द स्वच्छ हवेत. सा काळी एक ते काळी दोनच्या (पेटीच्या पहिल्या-दुसऱ्या काळ्या पट्टीच्या) आसपास धरा आणि चाल पाच-सहा स्वरांत ठेवा. पुरुषाने आपल्या खालच्या पट्टीत गायलं तर मुलं ध्रुवपद उचलताना पुटपुटायला लागतात.

माची

एक बाजू राहिली. गटात सगळ्यांची घरची भाषा पुस्तकी मराठी नसेल. मालेगाव-सटाण्याकडची पोरं घरी अहिराणी बोलतात, पेठ-सुरगाण्याची कोकणा. त्यांना "शोधाया", "प्याया" फारसं अडणार नाही. अडतं ते "व्याली" न ऐकलेल्या शहरी मुलांना! तेव्हा पाच शब्द निवडताना सगळा गट डोळ्यांसमोर ठेवा. आणि दुसऱ्या शनिवारी गोष्ट परत सांगताना ज्याला ज्या भाषेत सांगायची त्या भाषेत सांगू द्या. तपासायची आहे गोष्ट, भाषा नाही.

त्याच पट्ट्यात थाळगान आहे. काशाच्या थाळीवर मेणाने एक काडी उभी चिकटवतात, कथा सांगणारा त्या काडीवरून बोटं ओढत राहतो आणि थाळीतून सलग घुमणारा सूर निघतो. त्या सुरावर कणसरीची कथा चालते, धान्याच्या देवीची. ताल नाही, ठेका नाही, एकच लांब सूर. त्यामुळे शब्द तालात कोंबावे लागत नाहीत आणि कथा सांगणाऱ्याला हवं तिथे थांबता येतं. पहिल्या फेरीला तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून ओवीवालींचं गाणं असं सुरावर बोलल्यासारखं म्हणून बघा. टाळी दुसऱ्या फेरीपासून.

पाटीपेन्सिल

@माची, हे फार उपयोगी. तालाच्या आधी सूर, लिहून ठेवलं.

तपासायचं कसं ते सांगायचं राहिलं होतं. "गोष्ट सांग" म्हटलं की बरीच मुलं गाणंच म्हणून दाखवतात, त्यावरून काही कळत नाही. तीन गोष्टी करा. एक, चार चौकटींची चित्रं उलटसुलट देऊन लावायला सांगा. शेळीच्या गाण्यात पाचवी चौकट द्या, काळोख्या रात्रीची. ती कुठे बसते हे ज्याला सांगता आलं त्याला गोष्ट कळली. दोन, एक ओळ चुकीची गा: "नाही, ती तर काळीच ती". किती जण थांबवतात बघा. तीन, शेवटच्या चौकटीपासून मागे यायला सांगा: "तिघी घरी आल्या. का? त्याच्या आधी काय?" पाठ केलेलं उलटं म्हणता येत नाही, समजलेलं सांगता येतं.

प्रत्येक मुलासमोर वहीत तीन खुणा करा: कोण, क्रम, का. पहिलीला "कोण" जमलं तरी पुष्कळ. "का" चौथीतही सगळ्यांना येत नाही, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

सहज_वाचक

मधे एक शंका. मुलं गाण्यात नसलेली गोष्टच घुसडायला लागली तर? शेळीला वाघाने नेलं वगैरे.

ओवीवाली

"पाला हले, डोळे दोन" ला वाघ येणारच, ती ओळ त्यासाठीच आहे. तिथे वाघ बरोबर आहे, कारण म्हातारीलाही त्या क्षणी तसंच वाटलं असेल. चौथ्या कडव्यानंतरही वाघ राहिला तर मात्र मूल ऐकत नव्हतं. म्हणून अंदाज कडव्याच्या शेवटी विचारायचा आणि पुढचं कडवं झालं की तोच अंदाज परत समोर ठेवायचा: "मघाशी वाघ म्हणालात, आता?"

गोदाकाठची

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. असं ठरवतेय:

पहिले दोन शनिवार शेळीचं गाणं. तिसरा-चौथा भोंडल्याचं कारल्याचं, त्यात एक पाऊल पुढे सासू, एक पाऊल पुढे सून. पाचवा-सहावा पंचवटीची गाणी. पाचव्याला पुठ्ठे, सहाव्याला सकाळी लवकर सीता गुंफा (तपोवनला बसने जाणं जमलं तरच). सातवा-आठवा दोन गट: पहिली-दुसरीला ओवीवालींनी आणखी एखादं रचून दिलं तर ते, तिसरी-चौथीला सहा का सात. पोवाडा या फेरीत सोडते, आठ शनिवारांत तो मावत नाही.

सतरंजी आहे. दावं आणायचंय. कागद मोठ्या टायपात छापते, २० पॉइंटच्या खाली नको असं दिसतंय, आणि दोन ओळींत रंग लावायला जागा सोडते.

@ओवीवाली, बांधावरून यांचं घुंगरू बरोबर आहे, पण "गळा घुंगरू" घातलं की अक्षरं बिघडतात. काही सुचतंय?

ओवीवाली

दुसऱ्या कडव्यात "काळी? गळ्यात घुंगरू?" आणि तिसऱ्यात "झाडामागून घुंगरू". दोन्ही आठात बसतात. तिसऱ्यात "वाजे" गेलं, म्हणजे आणखी एक क्रियापद मुलांना शोधायला मिळालं.

बांधावरून

आता जमलं. दावं पाठवून देऊ का? जुनं आहे, पण पोरांना वास येईल खऱ्या शेळीचा.